‘कमर तो दुखतीच’ म्हणण्याआधी

(सोलापूर येथे तरुण कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला ‘एआय आणि करिअर’ यावर बोलायला सांगितलं होतं. मी म्हणालो, त्यावर बोलणारे पुष्कळ मिळतील, मला कंबरदुखीवर बोलू द्या. सातव्या, आठव्या, नवव्या महिन्यातल्या बाईच्या कंबरदुखीवर. फोनवर थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही. मागच्या रांगेतली मुलं आत्ता हसतायत, त्यांनी हसून घ्यावं. भाषण मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात एखादी सिस्टीम पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी बंद पडत असेल तर ‘चालायचंच’ असं म्हणून सुटका होत नाही. कधी बंद पडते, त्याआधी काय झालं होतं, कुणाकडे जास्त पडते, हे शोधावं लागतं. आपल्या घरात मात्र एक उत्तर पिढ्यान् पिढ्या चालत आलंय: ‘पेट से है तो कमर तो दुखतीच.’ खाला तेच म्हणते, सासूबाई तेच म्हणतात, आणि नवरा तर काहीच म्हणत नाही.

यातलं अर्धं खरं आहे. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधल्या एका अभ्यासात ८५५ गरोदर स्त्रियांना बाराव्या आठवड्यापासून बाळंतपणापर्यंत दर दोन आठवड्यांनी विचारत गेले. त्यांतल्या ४९ टक्के स्त्रियांना गरोदरपणात कधी ना कधी पाठ किंवा कंबर दुखली. म्हणजे निम्म्या. हा आकडा तुम्ही दोन तऱ्हेने वाचू शकता. एक, ‘बघा, निम्म्यांना होतंच.’ दुसरा, ‘मग उरलेल्या निम्म्यांना का नाही झालं?’ पोट तर सगळ्यांचंच वाढलं होतं. मला हा दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो.

आधी शरीराचं गणित थोडक्यात. गरोदरपणात साधारण दहा-बारा किलो वजन वाढतं. बाळ, वार, पाणी, वाढलेलं गर्भाशय हा सगळा भार पुढच्या बाजूला येतो, आणि तोल सांभाळायला बाई कमरेतून मागे झुकते. निसर्गाने याची थोडी सोय केलेली आहे. २००७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात एक संशोधन आलं होतं: कमरेचा बाक पुरुषांत दोन मणक्यांवर पेलला जातो, स्त्रियांत तीन मणक्यांवर. लाखो वर्षांपूर्वीच्या मानवपूर्व सांगाड्यांतही हा फरक दिसतो. म्हणजे बाईची कंबर गर्भाचा भार घेण्यासाठी घडलेली आहे. ती ‘नाजूक’ आहे म्हणून दुखते, हे म्हणणं त्यामुळे टिकत नाही. तिच्यावर गर्भाव्यतिरिक्त अजून काय काय लादलेलं आहे, ते बघायला हवं.

दुखणंही एकाच जातीचं नसतं. एक दुखतं कमरेच्या मणक्यांत, पट्टा बांधतो तिथे, जास्त वेळ बसलं किंवा वाकलं की. दुसरं दुखतं त्याच्या खाली, नितंबांच्या वरच्या बाजूला, जिथे पाठीचा कणा कमरेखालच्या हाडांच्या कड्याला जोडला जातो. कधी पुढे जांघेच्या मधोमध. ते ओळखायची एक घरगुती खूण सांगतो. अंथरुणात कूस बदलताना कळ येते, जिना चढताना येते, आणि एका पायावर उभं राहून सलवार घालताना हमखास येते. असं असेल तर बहुतेक हे दुसरं दुखणं आहे. त्यासाठी पहिला उपाय फुकटचा आहे: पलंगावर बसून सलवार घालायची. फिजिओथेरपिस्टकडे जाल तेव्हा ‘कंबर दुखते’ एवढंच सांगू नका. कुठे, आणि काय करताना, ते बोट ठेवून सांगा. दोन्हींचे व्यायाम वेगळे असतात.

आता मुख्य भाग, कुणाला जास्त दुखतं. या दुसऱ्या प्रकारच्या दुखण्यासाठी युरोपातल्या तज्ज्ञांनी २००८ साली एक मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तोवर झालेले अभ्यास एकत्र करून त्यांनी सांगितलं की दोन गोष्टींचा संबंध स्पष्ट दिसतो. आधी कधी कंबरदुखी झालेली असणं, आणि कमरेखालच्या हाडांना पूर्वी इजा झालेली असणं. आणखी दोन गोष्टींबाबत पुरावा थोडा उलटसुलट आहे, तरी त्या त्यांनी यादीत ठेवल्या: आधी झालेली बाळंतपणं आणि कष्टाचं काम. ज्यांना आपण सर्रास दोष देतो, म्हणजे बाईची उंची, दोन मुलांतलं अंतर, आधी घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या, त्यांचा संबंध त्यांना सापडला नाही. वयाचाही बहुधा नाही. वजनाचाही त्यांना सापडला नव्हता, पण नंतरच्या काही अभ्यासांत जास्त वजन असलेल्यांना त्रास जास्त दिसतो, म्हणून ते प्रकरण बंद झालं असं म्हणता येत नाही. ‘पाळणा लांबवायच्या गोळ्या खाल्ल्या म्हणून कंबर गेली’ हे वाक्य मात्र तुम्ही आता घरात खोडून काढू शकता. हे वाक्य मी किमान चार मोहल्ल्यांत ऐकलंय.

संबंध असणं आणि कारण असणं यात फरक आहे, हे इथल्या सायन्सच्या मुलांना सांगायला नको. तरी ‘आधीची कंबरदुखी’ हा मुद्दा जरा सोलापुरात आणून बघा. स्वीडनमधल्या बाईची आधीची कंबरदुखी कशातून आली असेल मला माहीत नाही. आपल्याकडच्या बावीस वर्षांच्या पोरीची कुठून आली, ते मी घरात पाहिलंय.

माझी अम्मी आणि दोन्ही खाला विड्या वळायच्या. माझ्या इंजिनिअरिंगची पहिल्या वर्षाची फी त्यातूनच गेली. सोलापुरात विडीचं काम करणाऱ्या हजारो बायका आहेत. तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली बायका सगळ्यांत जास्त, आणि त्यांच्या बरोबरीने आपल्या वस्त्यांतल्या. तेंदूपान आणि तंबाखू कारखान्यातून आणायची, घरी वळायच्या, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या, मजुरी हजारावर. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, ती या बायकांच्या चळवळीतून. त्या घरांकडे बघताना एक लक्षात ठेवा, ते घर म्हणजेच कारखाना आहे. तिथे शिफ्ट संपत नाही.

आता बसणं बघा. जमिनीवर मांडी घालून, किंवा एक पाय पुढे सोडून. सूप मांडीवर. पान फर्म्यावर ठेवून कात्रीने कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. मान खाली, पाठ पुढे. पाठीला टेकू नाही, कारण टेकून बसलं तर हात सुपाशी नीट पोचत नाहीत. नाकेमसन नावाच्या स्वीडिश डॉक्टरांनी १९६० च्या दशकात माणसांच्या मणक्यांमधल्या चकतीत सुई घालून दाब मोजला होता. उभं असताना जेवढा दाब येतो त्यापेक्षा टेकू न घेता पुढे वाकून बसल्यावर कितीतरी जास्त येतो. आणि आपल्याकडे हे बसणं लग्नानंतर सुरू होत नाही. शाळेतून आल्यावर ‘अम्मीला थोडी मदत कर’ इथपासून सुरू होतं. पोरगी दहा-बारा वर्षांची असते. लग्नापर्यंत दहा वर्षं झालेली असतात. मग पहिल्या गरोदरपणात ती डॉक्टरांसमोर बसते तेव्हा तिच्याकडे यादीतली पहिली गोष्ट आधीच असते. तिला कुणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही, कारण रोजच्या दुखण्याला ती दुखणं म्हणतच नाही.

सातव्या महिन्यानंतर तर सूप ठेवायला मांडीच उरत नाही. पोट पुढे आलं की सूप गुडघ्यांकडे सरकतं, हात लांब करावे लागतात, आणि पाठ अजून पुढे जाते. भार कण्यापासून जेवढा लांब, तेवढा कमरेवरचा ताण जास्त, हा शाळेच्या पुस्तकातला तरफेचा नियम आहे. वेग कमी होतो, म्हणून हजार पुरे करायला तास वाढतात. मजुरी तासावर नाही, नगावर आहे. त्यामुळे दुखतंय म्हणून दहा मिनिटं उठलं तर ती दहा मिनिटं तिच्याच खिशातून जातात. तंबाखूची धूळ गर्भाला वाईट हे वेगळं, त्यावर वेगळं भाषण व्हायला हवं.

फक्त विडीच नाही. गणवेश शिवणाऱ्या, टॉवेलचे काठ मारणाऱ्या बायकांची तऱ्हा थोड्याफार फरकाने हीच. आणि पाणी! सोलापूरकराला पाणी सांगायला नको. उजनी भरलेलं असो की रिकामं, आपल्या नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांआड पाणी. ज्या दिवशी येतं त्या दिवशी पिंप, घागरी, कळश्या, बादल्या, सगळं भरून ठेवायचं. मार्गदर्शिकेतलं ‘कष्टाचं काम’ म्हणजे आपल्याकडे हे. आठव्या महिन्यातली बाई भरलेली घागर कडेवर घेते, तेव्हा भार पुढे पोटाचा आणि एका बाजूला घागरीचा. त्याच वेळी घरात दोन धडधाकट भाऊ झोपलेले असतात, कारण पाणी पहाटे आलंय. मी हे हवेत बोलत नाहीये, मागच्या रांगेने आपापल्या घरातलं आठवून बघावं.

माझ्या कंपनीत प्रत्येकाला पाठीचा टेकू, उंची, हात ठेवायची जागा, सगळं बदलता येणारी खुर्ची मिळते. वर्षातून एकदा कुणीतरी येऊन कसं बसायचं हेही शिकवून जातं. मी दिवसाला आठ तास बसतो, दोन वेळा चहाला उठतो, आणि माझी कंबर ही कंपनीची जबाबदारी मानली जाते. अम्मीचे तास माझ्याहून जास्त होते आणि तिच्या कमरेची जबाबदारी कुणाचीच नव्हती. फरक एवढाच की माझं काम ‘काम’ म्हणून नोंदलेलं आहे.

कायद्यानेही हा फरक केला होता. विडी आणि सिगार कामगारांसाठी १९६६ साली स्वतंत्र कायदा झाला. त्याने १९६१ चा मातृत्व लाभ कायदा घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही लागू केला, ही मोठी गोष्ट होती. पण लागू करताना घरी काम करणाऱ्यांसाठी दोन कलमं वगळली, आठवं आणि दहावं. आठवं कलम वैद्यकीय बोनसचं. दहावं कलम असं की गरोदरपणामुळे आजारपण आलं तर वरचा एक महिनाभर पगारी रजा. कारखान्यात बसणारीला ती रजा, घरात बसणारीला नाही. हे लिहिणाऱ्याच्या डोक्यात काय असेल याचा मी अंदाज करतो: घरातच तर आहे, आजारी पडली तर पडून राहील. आपल्या घरातला नवरा आणि दिल्लीतला कायदा, दोघांचा विचार एकच.

२०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठीची रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहिता लागू होऊन हे जुने कायदे त्यांत गेले. पण कायदा कितीही चांगला झाला तरी तो नोंदीवर चालतो. कारखान्याचं कार्ड एका बाईच्या नावावर आणि विड्या वळणाऱ्या तिघी, असं पुष्कळ घरांत असतं. सासूच्या कार्डावर सून वळते. सून गरोदर राहिली तर कागदावर ती कामगारच नाही. तुमच्यातल्या ज्यांना कागदपत्रं समजतात, त्यांनी आपल्या गल्लीत एवढं एक काम हातात घ्या: कुणाचं कार्ड कुणाच्या नावावर आहे ते बघा, आणि वळणारीचं नाव लागावं म्हणून कामगार संघटनेकडे घेऊन जा. पंतप्रधान मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. त्याचे फॉर्म अंगणवाडीत भरतात. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, डॉक्टर बघतात. तिथे कंबरेचं सांगा, आणि कामाचंही सांगा.

जास्त बाळंतपणं हाही यादीतला मुद्दा आहे, आणि तो बोलताना आपल्या मंडळींत लगेच वातावरण तापतं, म्हणून दोनच वाक्यं. आधीच्या गरोदरपणात जिची कंबर गेली, तिची पुढच्या वेळी जायची शक्यता जास्त. पुढच्या मुलाचा निर्णय घेताना तिच्या कमरेलाही एक मत असू द्या.

नमाजचा विषय बहिणींनी चिठ्ठीत लिहून दिलाय. शेवटच्या महिन्यांत रुकू आणि सजदा जड जातो, काय करायचं? इम्रान बिन हुसैन रजि. यांची हदीस बुखारीत आहे, ती बहुतेकांना माहीत असते: उभं राहता येत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर कुशीवर. ही सवलत आजारामुळे विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरात दिलेली आहे. आपल्या मशिदीत मागच्या रांगेत खुर्च्या मांडलेल्या असतात, गुडघे दुखणाऱ्या चाचांना त्यावर बसायला कुणी मुफ्तींचं पत्र मागत नाही. घरात आठव्या महिन्यातली सून खुर्चीवर बसून नमाज पढली तर मात्र नजरा फिरतात. सूरह लुकमानमध्ये आणि सूरह अहकाफमध्ये आईने पोटात वाढवताना सोसलेल्या त्रासाची आठवण मुलाला करून दिली आहे. जुम्याच्या बयानात ते आपण ऐकतो आणि डोळ्यांत पाणी येतं, अम्मीसाठी. घरात बायको तेच सोसत असते, तिच्यापर्यंत ते पाणी पोचत नाही. रमजानमध्ये रोज्याची सवलत आपण तिला देतो, इफ्तारच्या भज्यांची देत नाही.

आता काय करता येईल. २०१५ साली ‘कॉक्रेन’ने गरोदरपणातल्या कंबरदुखीवरचे ३४ प्रयोग, पाच हजारांहून जास्त स्त्रियांचे, एकत्र तपासले. जमिनीवरचा हलका, नियमित व्यायाम कंबरदुखी कमी करू शकतो असं त्यांना दिसलं. पुरावा फार भक्कम नाही, पण दिशा तीच आहे. ‘पडून राहा’ हा सल्ला म्हणून बहुतेकींना चुकीचा. चालणं चांगलं. व्यायाम फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत, मोबाइलवर बघून नाही, हे मोबाइलचंच खाणारा माणूस सांगतोय.

काम सोडता येत नाही हे मला माहीत आहे. मग बसणं बदला. सूप मांडीवरून काढून वीतभर उंच पाटावर, पोटाच्या अगदी जवळ. बाईला जमिनीवरून उचलून बुटक्या स्टुलावर किंवा दुमडलेल्या गादीवर बसवा, पाठ भिंतीला, कमरेच्या खोलगट जागी उशी. आम्ही घरात हे करून पाहिलं. सुरुवातीचे तीन-चार दिवस हात अडखळतो, वेग कमी होतो, शिव्या मिळतात. मग सवय होते. अर्ध्या तासाने एकदा उठून चार पावलं. झोपताना कुशीवर, दोन गुडघ्यांमध्ये उशी. पाणी भरणं, कपड्यांची बादली, गॅसची टाकी हे तिच्या यादीतून पूर्ण काढून टाका. ते कुणाच्या यादीत जाईल हे मागच्या रांगेला कळलं असेल.

गोळ्यांबद्दल सावध. मेडिकलमध्ये ‘कंबर दुखते’ म्हटलं की डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन हातावर ठेवतात. विसाव्या आठवड्यानंतर अशा गोळ्यांनी बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम होऊन पोटातलं पाणी कमी होऊ शकतं, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली दिलाय. गरोदर आहे हे सांगितल्याशिवाय आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच गोळी नाही.

आणि काही कंबरदुख्यांमध्ये थांबायचंच नाही. ठरावीक वेळाने येऊन जाणारी, पोट घट्ट करणारी कळ, विशेषतः ३७ आठवड्यांच्या आधी, ही वेळेआधीच्या बाळंतपणाची सुरुवात असू शकते. ताप, थंडी, लघवीला जळजळ आणि एका बाजूची पाठ दुखणं, हा मूत्रपिंडाचा संसर्ग असू शकतो. रक्त जाणं, पाणी जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, पाय बधिर होणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं, यांपैकी काहीही असलं तर रात्री दोन वाजतासुद्धा सिव्हिलला न्यायचं, सकाळची वाट बघायची नाही. ‘कमर तो दुखतीच’ हे वाक्य सगळ्यांत जास्त घातक ठरतं ते इथे, कारण ज्या कळेने दवाखाना गाठायला हवा ती कळ त्याच वाक्याखाली झाकली जाते.

माझा वेळ संपलाय. बाहेर टेबलावर पाट आणि सूप मांडून ठेवलंय, ज्यांच्या घरी काम चालतं त्यांनी जाताना बसून बघा, उंची कमी-जास्त वाटली तर सांगा, सुतार ओळखीचे आहेत. औषधांचे आणि तपासणीचे प्रश्न इथे बसलेल्या डॉक्टर मॅडमना विचारा. कार्डाचं ज्यांना काम करायचंय, त्यांनी आपल्या गल्लीचं नाव लिहून माझ्याकडे द्या.